ऊन डोक्यावर आल्यावर

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, आईचे गुडघे सोडून, आणि त्यांची तक्रार काही आजची नाही. फोनच करणार होते. पण तुमच्या घरात रेंज नाही, आणि तू धक्क्यावर येऊन बोलतेस तेव्हा मागे अख्खं गाव कान टवकारून उभं असतं. त्यातून मला विचारायचंय लघवीबद्दल.

हसू नकोस, कामाचं आहे. आमच्या वैद्यकीय ग्रंथालयात एक प्रोफेसरसाहेब येतात. तुमच्या तळ्याकाठी 'लाल लघवी' म्हणतात ना, त्या रोगावर गेल्या चाळीस वर्षांत जगात कोणी काय लिहिलं, कुठून लिहिलं, कधी लिखाण वाढलं, कधी आटलं, हे त्यांना मांडायचंय. म्हणजे रोगाचा अभ्यास नाही, रोगाच्या अभ्यासाचा अभ्यास. शोधनिबंध हुडकायचे, त्यांचे ढीग लावायचे, मोजायचे आणि आलेख काढायचा, हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय. खरं सांगू? मला आवडलंय. इतकी वर्षं पुस्तकांवर नुसते शिक्के मारले. आता कोणीतरी डोकं वापरायला सांगतंय.

परवा साहेबांनी विचारलं, "तुम्ही हा रोग कधी पाहिलाय?" मी ऐटीत म्हटलं, "माझी वहिनी त्याच तळ्यावरच्या आरोग्य केंद्रात लॅबमध्ये आहे." तर लगेच म्हणतात, "वा! मग सांगा, नमुना कसा घेतात?" माझी बोबडीच वळली.

तर वहिनीबाई, नणंदेची अब्रू वाचवा. सगळं नीट लिहून पाठव. लिफाफा लॅबच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांकडे दे, ते काचपट्ट्या पोचवायला इथे येतातच. आणि दादाला म्हणावं, घरजावई झालास म्हणून बहिणीला अगदीच विसरू नकोस.

तुझी,
एकुलती एक नणंद

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या घरातून मला माझ्या कामाबद्दल आज पहिल्यांदा कोणी विचारलं. तेही लघवीबद्दल. धन्य झाले मी.

ऐक आता. तळ्यात बारीक गोगलगायी असतात. त्यांच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या पाण्यात सुटतात. माणूस पाण्यात उतरला की कातडीतून आत शिरतात, अंगात वाढतात, त्यांचे जंत होतात, आणि मूत्राशयाच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांत जोडीजोडीने संसार थाटतात. नर मादीला कवेत घेऊन वर्षानुवर्षं तसाच राहतो. "तुझ्यापेक्षा एकनिष्ठ," असं मी एकदा तुझ्या दादाला म्हणाले, तर तो ताटावरून उठून गेला. जाऊ दे ते.

त्यांच्या अंड्याला एका टोकाला काटा असतो. मूत्राशयाच्या भिंतीला भोक पाडत अंडं लघवीत उतरतं, म्हणून रक्त. पोरांना त्याचं काही नाही. कोणाची लाल धार लांब जाते याच्या पैजा लावतात मेले.

आता नमुन्याचं. मी सकाळी कोणाची बाटली घेत नाही. ऊन डोक्यावर आल्याशिवाय नाहीच. अंडी दुपारच्या सुमाराला जास्त उतरतात. का, ते त्या जंतांनाच ठाऊक. आणि त्याआधी मी पोरांना शाळेच्या अंगणात पळवते, दोरीवर उड्या मारायला लावते, म्हणजे आत चिकटलेलं सगळं हलतं. मास्तर म्हणतात, "बाई, ही शाळा आहे की सर्कस?" मी म्हणते, "तुम्हीपण मारा दोन उड्या, पोट कमी होईल." मग लघवी गाळणकागदातून गाळायची, कागद काचपट्टीवर ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली काटा शोधायचा.

काटा सापडला की त्या पोराला काठीला उभं करते. ही काठी म्हणजे एक उंच पट्टी, तिच्यावर रंग मारलेले. डोकं कुठल्या रंगापर्यंत आलं त्यावर किती गोळ्या द्यायच्या ते ठरतं. वजनकाटा नको की आकडेमोड नको. पोरं टाचा उंचावून उभी राहतात. जास्त गोळ्या म्हणजे जास्त मोठेपणा. मी टपली मारून खाली आणते.

झाली का तुझ्या अब्रूची सोय? दादा बरा आहे. सध्या धक्क्यावर सगळ्यांच्याच होड्यांची इंजिनं बंद पडतायत आणि ती दुरुस्त करणारा तोच एक, त्यामुळे तो सोडून सगळं गाव वैतागलंय.

तुझी,
वहिनी

२८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. (दादाचा ताटावरून उठण्याचा भाग मी हाताने झाकून धरला होता.) दोरीवरच्या उड्या वाचून इतके हसले की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "चाळीस वर्षांच्या निबंधांत हे असं कोणी लिहिलं नाही." माझी कॉलर ताठ.

आमचा आलेख आकाराला येतोय. सुरुवातीला वर्षानुवर्षं जमिनीला टेकलेली रेघ. मग मोफत गोळ्या वाटायला लागले तेव्हा एकदम उडी. पुढे कोणा श्रीमंत देशाला दया आली की रेघ वर, दया आटली की खाली. इतर रोगांच्या डोंगरांपुढे आपला ढीग म्हणजे वारूळच. आणि लिहिणाऱ्यांचे पत्ते पाहशील तर बहुतेक अशा शहरांतले, जिथे हा रोग औषधालाही सापडायचा नाही. तळीसुद्धा ठरलेली! जिथवर डांबरी रस्ता जातो आणि संध्याकाळी परत येऊन गरम पाण्याने आंघोळ करता येते, तिथेच संशोधन. एका तळ्यावर तर इतक्यांदा लोक गेलेत की तिथली पोरं परका माणूस दिसला की आपण होऊन बाटली पुढे करत असतील.

एक मात्र मला खटकतंय. 'शाळकरी मुलं' हा ढीग माझ्या हनुवटीपर्यंत आलाय. 'बायका' हा ढीग पेपरवेट ठेवला तर दिसेनासा होतो. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "जे लिहिलंच गेलं नाही त्याचा आलेख कसा काढणार?" तेही खरंच. पण तुमच्याकडे काय, बायकांना होत नाही का हा रोग?

आणि गंमत ऐक. एक जुना निबंध मिळाला. तळ्याचं नाव नाही, पण वर्णन आहे: धक्क्यापाशी दोन खोल्यांची शाळा, मागे भिंत, भिंतीपलीकडे तळ्यात उतरणाऱ्या धुण्याच्या पायऱ्या. फोटोत मुलगे ओळीने उभे आहेत आणि एक उंच पट्टी. शेवटी लिहिलंय, उपचारांनंतर या गावात रोग आटोक्यात आला. फोटोची प्रत सोबत पाठवतेय. तुमचीच शाळा नाही ना ही?

तुझी,
नणंद

१४ मार्च

प्रिय वन्सं,

आमचीच. फोटो बघून मी खुर्चीतून उठलेच. डावीकडून तिसरा, पुढचे दात पडलेला, तो माझा भाऊ! आणि त्याच्या पायातल्या चपला माझ्या आहेत. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून माझ्या ओढून नेल्या होत्या त्याने.

मला तो दिवस लख्ख आठवतो. बाहेरून मोठमोठे डॉक्टर येणार होते. आता परक्या पुरुषांनी मुलींच्या हातात बाटल्या कशा द्यायच्या, म्हणून मास्तरांनी आम्हाला सांगितलं, मुलींना आज सुट्टी. आम्ही खूश! भिंतीपलीकडे गेलो, घरची धुणी घेऊन पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात. मधूनच भिंतीवर चढून बघायचो आणि बाटल्या घेऊन रांगेत उभ्या पोरांना फिदीफिदी हसायचो. हसत होते खरी, पण त्या रंगीत काठीला बघून मला इतका हेवा वाटत होता म्हणून सांगू. मी भावापेक्षा उंच होते. मला तिला पाठ लावून उभं राहायचं होतं.

तर वन्सं, रोग आटोक्यात आला तो भिंतीच्या अलीकडे.

बायकांना होत नाही का, म्हणून विचारतेस. धुणी कोण धुतं, भांडी कोण घासतं, पाण्यात जास्त वेळ कोण असतं? पण बायका माझ्याकडे येत नाहीत. बाईच्या रक्ताला लोकांकडे कारणं तयारच असतात. पाळी, नाहीतर वय, नाहीतर काहीतरी वाईटसाईट. कोण कशाला बाटली घेऊन गावातून चालत येईल?

माझी काळजी करू नकोस. मी दर काही महिन्यांनी स्वतःची बाटली तपासते. सकाळी सगळ्यांच्या आधी लॅब उघडते आणि झाडूवाली यायच्या आत तपासून, काचपट्टी धुऊन मोकळी होते. आजवर एकदाही काही निघालं नाही. एकदम स्वच्छ.

एप्रिलमध्ये मी लॅबला नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात जरा बायकी काम आहे. नंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही म्हणतात, म्हणून तुझा दादा आत्तापासूनच पाण्याच्या बादल्या भरायला शिकतोय. आईंना यातलं काही सांगू नकोस. उगाच शंभर प्रश्न विचारतील.

तुझी,
वहिनी

२० मार्च

वहिनी गं!

मला काय खुळी समजलीस? जिल्ह्याचा दवाखाना, बायकी काम, वजन उचलायचं नाही, दादा बादल्या भरतोय, आणि वर आईला सांगू नकोस! अगं, इतक्या वर्षांनी! मी पत्र वाचलं आणि ग्रंथालयात, जिथे मी लोकांना शांत बसा म्हणून डोळे वटारते, तिथेच मोठ्याने "अय्या" म्हणाले.

सांगू नकोस म्हणालीस, पण माझ्या पोटात काही राहतं का? आईला सांगितलंच. ती आधी रडली, मग गुडघे बिडघे विसरून स्टुलावर चढली आणि माळ्यावरची लोकर काढली. पिवळं टोपडं विणायला घेतलंय, म्हणजे कोणीही आलं तरी चालेल. मी रागावणार होते तिला, पण तिचे हात इतके भराभर चालताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

तू आता फक्त आराम कर. आलेख गेला खड्ड्यात.

तुझी,
(लवकरच) आत्या

३० मार्च

वन्सं,

आईंना सांगा, सुया खाली ठेवा.

तुमचा दोष नाही. मीच मोघम लिहिलं. मला वाटलं, कळलं तर कळेल, नाही तर नाही. तुम्ही असं काही समजाल हे ध्यानीमनीही नव्हतं. पत्र वाचून मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मग बाहेर येऊन पोरांच्या बाटल्या तपासल्या. काम कुणासाठी थांबत नाही.

आता सगळं लिहिते, म्हणजे परत विचारायला नको. मला गेली काही वर्षं मधूनच रक्त जातं. पाळीचं नाही. नवराबायको जवळ आलो तरी जातं. दुखतं. मूल का राहत नाही याचं उत्तर कोणी देत नव्हतं. एका डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, हा बाहेरून आलेला रोग आहे, नवरा कुठे जातो ते विचारा. मी विचारलं. तुमच्या दादाने इतकंच म्हटलं, "मी कुठेही जात नाही." माझा विश्वास बसला नाही. कितीतरी महिने आम्ही एका घरात राहून बोललो नाही. आता बोलतो, पण ते मनातून गेलंय असं नाही. त्या जंतांवरून मी केलेली थट्टा त्यातलीच.

आता जिल्ह्याला नवीन डॉक्टरबाई आल्यात. चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, गर्भपिशवीच्या तोंडाशी खरबरीत चट्टे आहेत, हात लागला की रक्त येतं, लक्षण बरं नाही. वाट बघण्यापेक्षा पिशवी काढून टाकू. अठरा तारीख दिलीय.

तुम्ही लगेच म्हणाल, तळ्याचा रोग तर नाही? तो नाही. मी स्वतः तपासलंय, एकदा नाही, कितीदा तरी. त्या बाबतीत माझी चूक होत नाही.

आईंना टोपड्याचं काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

आधी माझी तक्रार: मला तुम्ही म्हणू नकोस. चिडायचं तर तू म्हणून चीड. मी जे केलं त्याला माफी मागून काही होणार नाही, म्हणून मागत बसत नाही. आईला सांगितलं. तिने सुया मात्र खाली ठेवल्या नाहीत.

आता हे नीट वाच. दादाला धक्क्यावर फोन केला होता. तो म्हणाला, "माझं ती ऐकणार नाही, तूच लिही." म्हणून ड्रायव्हरकाकांच्या हातापाया पडून आजच्या आज पाठवतेय.

वहिनी, तू बाटली सकाळी तपासतेस.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र माझ्यासमोर आहे. ऊन डोक्यावर आल्याशिवाय तू कोणाचीही बाटली घेत नाहीस. गावातल्या शेंबड्या पोरांना पळवतेस, उड्या मारायला लावतेस. आणि स्वतःची? अंधूक उजेडात, झोपेतून उठल्या उठल्या, झाडूवाली यायच्या आत. का, ते मला कळतं गं. दुपारी लॅबमध्ये सगळे असतात. लॅबच्या बाईनेच बाटली नेताना कोणी बघितलं तर? मीही तेच केलं असतं. पण दुसऱ्या कोणाची सकाळची बाटली तू मान्य केली असतीस का? तोंडावर फेकली असतीस.

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. ते तुझं पत्र आल्यावर मी 'बायका' हा पातळ ढीग ओढला आणि एका बैठकीत सगळा वाचला. इतके दिवस तो माझ्या टेबलावर पडून होता. मी मोजत होते, वाचत नव्हते. त्यात लिहिलंय वहिनी, तुझंच लिहिलंय. गर्भपिशवीच्या तोंडाशी वाळूचे कण रुतल्यासारखे खरबरीत चट्टे. हात लागला की रक्त. मूल न राहणं. डॉक्टरांना वाटतं बाहेरचा रोग, नाहीतर कर्करोग. आणि असतात काय, तर अंडी! लघवीत उतरायचं सोडून तिथेच अडकलेली. पुष्कळ बायकांची लघवी दुपारीही स्वच्छ निघते. त्यामुळे नुसती बाटली पुन्हा तपासून भागणार नाही. चट्ट्याचा कणभर तुकडा घेऊन दोन काचांमध्ये दाबून बघायला हवा.

मी डॉक्टर नाही. कदाचित डॉक्टरबाईंचंच बरोबर असेल, आणि तसं असेल तर ऑपरेशन कर, मी येऊन बादल्या भरीन. पण कापायच्या आधी बघा. इतकंच म्हणणं आहे. निबंधांच्या प्रती सोबत आहेत. वर साहेबांनी डॉक्टरबाईंना चार ओळी लिहून दिल्यात. त्यांनी काल तो ढीग स्वतः उचलून घरी नेला.

डॉक्टरबाईंना दाखव. लाजू नकोस. माझ्यासाठी.

तुझी,
नणंद

१९ एप्रिल

प्रिय छोटी,

तुझी वहिनी मला म्हणाली, "तू लिही, मी झोपते." म्हणून लिहितोय. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे.

काल ऑपरेशन झालं नाही.

तुझे कागद तिने दोन आठवडे उशीखाली ठेवले. शेवटी दवाखान्यात, आत जायच्या आधी, तिने ते डॉक्टरबाईंच्या हातात दिले. बाई तिथेच उभ्या राहून वाचत राहिल्या. बाहेर लोक खोळंबले. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मला हे कोणी शिकवलंच नाही." माणूस चांगला आहे. इंजिन उघडून न बघता बदलायला सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि चूक कळल्यावर असं तोंडाने कबूल करणारे फार थोडे.

त्यांनी तुकडा घेतला, काचांमध्ये दाबला. तुझी वहिनी टेबलावरून उठून बसली आणि म्हणाली, "मीच बघणार." तिला धरून मायक्रोस्कोपपाशी नेलं. मला दारात उभं राहू दिलं होतं. ती बघत होती. काच इकडून तिकडे सरकवत राहिली. मग म्हणाली, "काटा आहे." परत म्हणाली, "हे बघ, किती आहेत." आणि हसायला लागली, मग रडायला.

मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "तू कुठे गेला नव्हतास."

मी कधीच कुठे गेलो नव्हतो, छोटे. तुला हे सांगायची गरज नाही. पण तिने म्हटलं.

आईला सांग, ती बरी आहे. चट्ट्याचा आणखी एक तुकडा तपासायला मोठ्या लॅबला पाठवलाय.

दादा

१२ मे

प्रिय वन्सं,

मोठ्या लॅबचा निकाल आला. दुसरं काही नाही. फक्त अंडी. तुला ओरडून सांगावंसं वाटलं, पण धक्क्यावर गाव होतं, म्हणून लिहितेय. नाहीतरी त्यांना कळलंच आहे, कारण पुढचं मी सगळ्यांच्या देखतच केलं.

आधी शिव्या देते. "तोंडावर फेकली असतीस" म्हणे! बरोबर बोललीस म्हणून जास्त राग आला. तुझे कागद उशीखाली ठेवून मी दोन आठवडे तुझ्याशी मनात भांडत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या काचा बघतेय आणि स्वतःच्या वेळी मला स्वच्छच हवी होती, म्हणून सकाळ निवडली. दुपारी बघायची माझी छाती नव्हती, हे खरं. तिथे दवाखान्यात काचेखाली ते अंडं दिसलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? परक्या गावात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं. अरे, तू होय! इतकी वर्षं मी तुला सगळ्यांच्यात शोधतेय, आणि तू माझ्याकडे मुक्कामाला.

आता शाळेतलं ऐक. परवा आम्ही तपासणी ठेवली. यावेळी मी मास्तरांना बजावलं, सुट्टी कोणालाही नाही. मुलीसुद्धा. आणि भिंतीपलीकडे धुण्याच्या पायऱ्यांवर जाऊन बायकांना सांगितलं, धुणी राहू द्या, वर या. कोणी हलेना. एकमेकींकडे बघत गालात हसत होत्या. मग मी म्हटलं, पहिली मी. त्यांना वाटलं, सांगते नुसती.

ऊन डोक्यावर आलं होतं. मी अंगणात पदर खोचला आणि दोरीवर उड्या मारल्या. सगळ्या शाळेसमोर, या वयात! मास्तर म्हणाले, "बाई, सर्कस!" मी म्हटलं, "तिकीट काढा." मग सगळ्यांच्या समोरून बाटली घेऊन गेले आणि सगळ्यांच्या समोरून भरलेली घेऊन आले. काचपट्टी मीच लावली. अंडी होती. जास्त नाहीत, पण होती. मी वर बघून म्हटलं, "मला आहे." कोणी हसलं नाही. सगळ्यात म्हातारी धोबीण पायऱ्या चढून वर आली आणि म्हणाली, "दोरी दे इकडे." मी तिला उड्या मारू दिल्या नाहीत, बाटली दिली. मग बाकीच्या आल्या. संध्याकाळपर्यंत बाटल्या पुरल्या नाहीत.

गोळ्या जिल्ह्याहूनच माझं वजन करून मिळाल्या होत्या मला, मोठ्या लॅबच्या निकालासाठी घ्यायच्या थांबले होते, त्यामुळे काठीची गरज नव्हती. पण तुझा दादा इंजिन अर्धवट सोडून काळ्या हातांनीच आला होता. त्याने काठी भिंतीला लावून धरली आणि म्हणाला, "ये." मी पाठ लावून उभी राहिले. टाचा उंचावल्या. त्याने डोक्यावर टपली मारून खाली आणलं. त्याचा काळा हात केसांना लागला, धुतला तरी जात नाहीये. वन्सं, मला तेव्हा भरून आलं, इतकं की गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या की रडण्याबरोबर, कळलं नाही.

जंत मरतील. चट्टे किती बुजतील, डॉक्टरबाई सांगू शकत नाहीत. मुलाचं विचारलं तर त्या हो म्हणाल्या नाहीत, आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. आईंना म्हणावं, टोपडं उसवू नका. पुरं करा आणि ड्रायव्हरकाकांकडे द्या. घरात असू दे.

आता फक्त पाण्याचं राहिलंय. गोळ्या घेऊन परत त्याच पायऱ्यांवर उतरायचं तर काय उपयोग? शाळेमागे हातपंप हवा म्हणून डॉक्टरबाई, मास्तर आणि आम्ही सगळ्या धोबिणी मिळून वरच्या साहेबांच्या मागे लागलोय. तुझ्या साहेबांचा निबंध छापून आला की एक प्रत पाठव, त्या वरच्या साहेबांच्या टेबलावर आपटायला.

आणि हो. जे लिहिलंच गेलं नाही त्याचा आलेख काढता येत नाही म्हणतात ना तुझे प्रोफेसरसाहेब? मग त्यांना सांग, आमच्या शाळेतल्या त्या दिवसाचं मी लिहून पाठवतेय, सगळ्या बायकांचं. त्यांच्या ढिगावर ठेव. सगळ्यात वर माझं ठेव, आणि त्यावर स्पष्ट लिही: नमुना दुपारचा आहे.

तुझी,
वहिनी